जपानी शिकावी, मराठी टिकावी

डिसेंबर सरत आला की लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या साऱ्या परिसरात शाळांच्या वार्षिकोत्सवांना बहर येतो. एकीकडे कापसाची वेचणी चालू असते, संत्र्यांच्या गाड्या नागपूरच्या दिशेने धावत असतात आणि दुसरीकडे शाळेच्या पटांगणात मांडव उभा राहतो. अहवालवाचन होते, दहावी-बारावीतील गुणवंतांची नावे पुकारली जातात, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना शाल-श्रीफळ दिले जाते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला दरवर्षी एखाद-दुसऱ्या शाळेचे निमंत्रण असतेच. रंगमंचावर नाचणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना मी पहिली लस टोचलेली असते, आणि त्या वेळी माझ्या नावाने रडलेली ही मुले आता माझ्याच हातून बक्षीस घेताना हसतात, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

अशाच एका समारंभात सहावीतील एक मुलगी ध्वनिक्षेपकासमोर आली आणि तिने चक्क जपानी भाषेत आपला परिचय करून दिला. 'हाजिमेमाश्ते' अशी सुरुवात, कमरेत किंचित वाकून नमस्कार, मग नाव, गाव, आवडता खेळ. संगणकावरून चालणाऱ्या एका वर्गात ती सहा महिन्यांपासून शिकत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही मनापासून टाळ्या वाजवल्या. आपल्या गावची पोर जपानी बोलते याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

कार्यक्रम आटोपल्यावर तिची आजी माझ्याजवळ आली. "डॉक्टरसाहेब, काय म्हणे हो माह्यी नात?" मला जपानी येत नाही, हे मी कबूल केले आणि त्या मुलीलाच म्हटले, "बेटा, तूच सांग आजीला." तिने चटकन सांगितले, पण हिंदीत. आजी हसून म्हणाली, "समजलं गं बाई, पण आपल्या भाषेत सांग ना." मुलगी गोंधळली. एक-दोन शब्द जुळवले, अडखळली आणि आईकडे पाहू लागली. आईने विषय बदलला. प्रसंग एवढाच. कोणी रागावले नाही, कोणी रडले नाही. पण घरी परतताना टाळ्यांचा तो कडकडाट माझ्या कानांतून गेला आणि आजीचे ते एक वाक्य मात्र राहिले.

या प्रसंगावर मत मांडण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. सुमारे बावीस वर्षांपूर्वी, व्यवसायाच्या आरंभीच्या काळात, अडीच वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील माझ्याकडे आले होते. मुलगा बोलत नव्हता. घरात आजीची मराठी, वडिलांची बाजारातली हिंदी आणि आईने नुकतीच सुरू केलेली इंग्रजी कविता, असा तिपेडी गोफ होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "इतक्या भाषांनी मुलाचा गोंधळ होतो. एकच भाषा ठेवा. शाळा हिंदीची आहे, तर घरातही हिंदीच बोला." त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. मराठीवाचून दुसरी भाषा नीट न बोलता येणारी ती आजी नातवाशी बोलायचीच कमी झाली. पुढे कळले ते असे की मुलाला ऐकू कमी येत होते. कानामागे पू भरून राहिला होता आणि उपचारानंतर तो बोलू लागला. दोष भाषांचा नव्हता, कानाचा होता. मी कान तपासायच्या आधी भाषा तोडली.

आज वैद्यकशास्त्र याबाबत स्पष्ट आहे. दोन किंवा तीन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे लांबत नाही. अशी मुले प्रत्येक भाषेत थोडे कमी शब्द बोलतील, पण सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजले तर बेरीज साधारण सारखीच भरते. एकाच वाक्यात दोन भाषांची सरमिसळ होणे हे आजाराचे लक्षण नाही, तो शिकण्याचाच एक टप्पा आहे. म्हणून बोलणे लांबलेल्या मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतले मोजावेत, आधी श्रवणाची तपासणी करावी, मूल नजरेला नजर देते का, बोटाने दाखवते का, हे पाहावे आणि मोबाईलसमोर किती तास बसते हे विचारावे. 'घरची भाषा बंद करा' हा सल्ला देण्याचे कारण त्यात कोठेही येत नाही. तरीही हा सल्ला आजही आपल्यापैकी काहींच्या तोंडून निघतो, म्हणून ही कबुली या स्मरणिकेत, आपल्या व्यवसायबंधूंसमोर.

आता मूळ प्रश्नाकडे. अलीकडे पालक मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, मुलाला जपानी लावू का?" कारण समजण्यासारखे आहे. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा कित्येक दशकांची आहे आणि तेथून शिकलेली मुले जपानी कंपन्यांत गेलेली आपण पाहतो. 2021 मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला आणि त्यात वृद्धांच्या शुश्रूषेसारखी आपल्या क्षेत्राच्या जवळची कामेही आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या परस्पर देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठरवले, त्यांपैकी 50 हजार कुशल माणसे भारतातून जावीत असे आहे. योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस 2019 मध्ये टोकियोतील एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आला. आपल्या पोरांनी हे स्वप्न का पाहू नये?

माझे उत्तर आहे, जरूर लावा. मात्र घाई करू नका आणि पाया काढून कळस चढवू नका.

घाई नको याचे कारण असे. जपानी ही महिन्याभराच्या शिबिरात येणारी भाषा नाही. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला प्रत्येकी 46 मूळ अक्षरांच्या, त्या मुले पटकन शिकतात. पण पुढे चिनी वळणाची कांजी चिन्हे येतात. जपानमधील प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत तेथील मूल 1026 चिन्हे शिकते आणि सर्वसाधारण वापराची अधिकृत यादी 2136 चिन्हांची आहे. भाषेच्या परीक्षेचे पाच स्तर आहेत, एन-5 सर्वांत सोपा आणि एन-1 सर्वांत अवघड. स्वपरिचयाची चार वाक्ये पाठ म्हणणे ही सुरुवात आहे, प्रावीण्य नव्हे. पालकांनी हे ओळखले तर मुलांवरचा ताण निम्मा होईल.

पायाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. जपानी शिकणाऱ्या मराठी मुलाला घरातूनच केवढे भांडवल मिळाले आहे, हे थोडे पाहा. 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु' म्हणजे 'मी भात खातो'. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, सारा क्रम आपलाच. नामानंतर लागणारे 'ओ' म्हणजे आपल्या विभक्तिप्रत्ययाचा भाऊच. वाक्याच्या शेवटी जपानी माणूस 'ने' जोडून समोरच्याची संमती मागतो, जसे आपण 'छान आहे, ना?' म्हणतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते, जसे आपण तू, तुम्ही, आपण असा विवेक करतो. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे जपानी अक्षरांचा क्रम. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेची ही सावली योगायोगाने पडलेली नाही. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासाबरोबर संस्कृत वर्णमालेची रचना तिकडे नेली, तिचा तो ठसा आहे. ज्या मुलाला आपली वर्णमाला आणि आपल्या भाषेची घडण पक्की ठाऊक आहे, त्याला जपानी परकी वाटणार नाही. यातील बराचसा लाभ हिंदी येणाऱ्या मुलालाही मिळतो, हे मी मान्य करतो. पण आपल्या मुलाने वाक्य जुळवायला प्रथम जिच्यात शिकले, ती भाषा आजीच्या मांडीवरची आहे. ती अर्धवट सोडून दुसरी, तीही अर्धवट ठेवून तिसरी, असे केल्यास मूल चार भाषांत परिचय देईल, पण एकाही भाषेत मन मोकळे करणार नाही.

आम्हा डॉक्टरांना याचा अनुभव रोज येतो. वेदना सांगण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! ठणकते, सणकते, कळ येते, मुरडा येतो, चमक भरते, चुणचुणते, जळजळते, टोचते. रुग्ण कोणता शब्द वापरतो त्यावरून निम्मे निदान होते. जुन्या पिढीतील बाई म्हणते, "पोटात कळ येऊन राह्यली", आणि दुखणे थांबून थांबून येते हे मला न विचारता समजते. तिचा नातू मात्र प्रत्येक दुखण्याला 'दर्द' या एकाच शब्दाने मोकळा होतो. हिंदीतही 'मरोड', 'टीस', 'चुभन' असे समृद्ध शब्द आहेत, पण ते हिंदी भाषक घरातल्या आजीकडून येतात, पाठ्यपुस्तकातून नव्हे. गंमत अशी की जपानी भाषा याच बाबतीत आपली बहीण शोभते. ठणक्याला तेथे 'झुकिझुकि' म्हणतात, टोचल्यासारख्या दुखण्याला 'चिकुचिकु', चुणचुणण्याला 'हिरिहिरि'. तेथील मुलेही दुखणे याच नादमय शब्दांत सांगतात. ज्या मुलाला आपल्या भाषेतला ठणका आणि चुणचुण यांतला भेद कळतो, त्यालाच 'झुकिझुकि' आणि 'हिरिहिरि' यांतला भेद कळेल.

जपानकडून भाषा शिकायचीच असेल, तर त्या देशाचे भाषेविषयीचे धोरणही शिकावे. 1771 मध्ये सुगिता गेनपाकु आणि माएनो र्‍योताकु या वैद्यांनी एक शवविच्छेदन पाहिले. त्यांच्या हाती शरीररचनेचा एक डच ग्रंथ होता आणि त्यातील चित्रे समोरच्या देहाशी तंतोतंत जुळत होती. त्यांना डच भाषा जेमतेम येत होती. तरी त्यांनी तो ग्रंथ आपल्या देशबांधवांसाठी उतरवायचा ठरवले. एकेका शब्दासाठी दिवसचे दिवस घालवून 1774 मध्ये 'काइताइ शिन्शो' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मज्जातंतूसाठी 'शिन्केइ' हा शब्द त्यांनी घडवला आणि तो आजतागायत चालतो. पुढे जपानी डॉक्टर जर्मन शिकले. रुग्णाच्या केसपेपरला तेथे आजही 'कारुते' म्हणतात, तो मूळ जर्मन शब्द. नंतर ते इंग्रजी शिकले. परभाषा त्यांनी एकामागून एक आत्मसात केल्या, पण त्या घराबाहेर पडण्यासाठी नव्हे, तर बाहेरचे ज्ञान घरात आणण्यासाठी.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात 1861 मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवण्याचे वर्ग सुरू झाले होते आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीतून वैद्यकीय ग्रंथ लिहिले. ती वाट पुढे मोडली. आपल्या मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये एम.बी.बी.एस.च्या प्रथम वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी नाके मुरडली. मलाही शंका होत्या आणि काही अजूनही आहेत. पण स्वतःच्या भाषेत विज्ञान आणणे हे मूळचे मागासलेपण आहे असे मानणाऱ्याने जपानकडे एकदा पाहावे.

अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आम्हा बालरोगतज्ज्ञांना कावासाकी रोग ठाऊक असतो. टोकियोतील डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी 1961 मध्ये या रोगाचा पहिला बालरुग्ण पाहिला आणि 1967 मध्ये पन्नास रुग्णांचा तपशीलवार अहवाल जपानी भाषेत प्रसिद्ध केला. इंग्रजीत तो 1974 मध्ये आला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले. मधली सात वर्षे जगातील कित्येक डॉक्टर हाच ताप, हेच लाल डोळे, हीच सोललेली बोटे पाहत असतील आणि त्यांना नाव सापडत नसेल. आपल्या भाषेत पाहावे, आपल्या भाषेत नोंदावे, हे खरे. पण ते जगापर्यंत न्यायला दुसरी भाषा लागतेच. म्हणून मी परभाषेचा विरोधक नाही. मला मातृभाषा आणि परभाषा दोन्ही हव्या आहेत, फक्त कोणाच्या खांद्यावर कोण उभे राहते हे ठरलेले असावे.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या मातृभाषेच्या शाळेत हे कसे जमणार? जमले आहे. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये मुलांना विचारले, परकी भाषा कोणती शिकाल? यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांची ओढ असलेल्या बहुतेक मुलांनी जपानी निवडली. 2020 च्या टाळेबंदीच्या काळात एका जाणकार शिक्षकाने त्यांना विनामूल्य, संगणकाच्या माध्यमातून शिकवले. गावाला रस्ता धड नव्हता, पण मुले जपानी बोलू लागली. ही मुले मराठी शाळेतील होती. जपानी शिकण्यासाठी त्यांना मराठी सोडावी लागली नाही.

आपली अडचण मात्र निराळी आहे. 1956 पूर्वी नागपूर ही आपल्या राज्याची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी रेषा आखली गेली, नागपूर पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून 2023 मध्ये नवा जिल्हा झाला, पण घराघरात मराठी आणि शाळेत हिंदी हे चित्र तेच राहिले. हिंदीने आपल्याला अन्न दिले, मान दिला. तिच्याबद्दल मनात कडवटपणा असण्याचे कारण नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण एकमेकांना पेढे दिले. त्याच संध्याकाळी आपल्या घरातील किती मुलांनी मराठी वर्तमानपत्रातील ती बातमी वाचली असेल? देवनागरी तर त्यांना येतेच. वाचनाचे दार उघडे आहे, फक्त कोणी बोट धरून आत नेलेले नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझ्या चार साध्या सूचना आहेत. पहिली, बोलणे लांबलेल्या कोणत्याही मुलाच्या पालकांना आपल्यापैकी कोणीही घरची भाषा बंद करण्याचा सल्ला देऊ नये. दुसरी, आपापल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दहा-बारा मराठी चित्रपुस्तके ठेवावीत आणि सोबत आलेल्या आजी-आजोबांना ती नातवंडांना वाचून दाखवायला सांगावे. तिसरी, मंडळाने रविवारी एक तासाचा मराठी वाचनवर्ग सुरू करावा. त्याचा आरंभ 'तोत्तोचान'च्या मराठी अनुवादाने करावा. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणीच्या शाळेवर लिहिलेले हे जपानी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले आहे. जपानची ओढ असलेल्या मुलांना जपान मराठीतून भेटेल, याहून चांगली सुरुवात कोणती? चौथी, ज्या मुलांची मराठी आणि हिंदी वाचनात पक्की झाली आहे आणि ज्यांना स्वतःला आवड आहे, अशा पाचवी-सहावीपुढील मुलांसाठी जपानीचा वर्ग खुशाल चालवावा. त्याच्या शुल्काचा काही भार मंडळाने उचलावा. त्यासाठी माझा वाटा मी आजच देण्यास तयार आहे.

आणि शाळांना एक विनंती. पुढील वार्षिकोत्सवात एखाद्या विद्यार्थ्याने जपानीत परिचय दिला, तर तोच परिचय त्याने लगेच घरच्या भाषेतही द्यावा. दोन मिनिटांचाच प्रश्न आहे. पहिल्या रांगेत पालक आणि पाहुणे बसतात, मागच्या रांगांत आजी-आजोबा बसतात. टाळ्या दोन्हीकडून याव्यात.

ज्या मुलाच्या घरी मी मराठी बंद करायला सांगितली होती, तो आता मोठा होऊन पुण्यात नोकरी करतो. त्याची आजी आता नाही. मध्यंतरी तो आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आला होता. जाता जाता म्हणाला, "सर, पुण्यात आल्यावर मराठी शिकलो. आता आजी काय म्हणायची ते आठवलं की समजतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तरी त्या दिवशीचा माझा पुढचा रुग्ण बराच वेळ बाहेर थांबून राहिला.